उच्च रक्तदाब: दोष पेशीपटलात असतो, पण कोणत्या पेशीच्या?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 38, वडील आणि काका दोघांनाही उच्च रक्तदाब, स्वतःचा रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 150/96 च्या आसपास, रक्ताच्या अहवालात क्रिअ‍ॅटिनिन नॉर्मल आणि पोटॅशियम 3.4, अजून एकही गोळी सुरू झालेली नाही. उच्च रक्तदाब हा मुळात पेशीपटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, आजार आहे, असे आपल्या वाचनात आले. हे खरे आहे का, हा दोष तपासता येतो का आणि तो सापडला तर उपचार बदलतो का, असे आपण विचारले आहे.

पेशीपटलातून होणारी आयनांची (सोडियम, पोटॅशियमसारख्या विद्युतभारित कणांची) ने-आण बिघडणे हा उच्च रक्तदाबाच्या कारणांचा खरोखरच गाभा आहे. परंतु "पेशीपटलाचा आजार" हे विधान अपुरे आहे, कारण शरीरातील प्रत्येक पेशीला पटल असते आणि प्रत्येक पटलाच्या बिघाडाने रक्तदाब वाढत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू, मूत्रपिंडातील नलिका आणि मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी अशा तीन ठिकाणची पटले येथे महत्त्वाची आहेत, आणि माझ्या मते त्यांत मूत्रपिंडाचा अधिकार सर्वांत मोठा आहे. "पेशीपटलाची तपासणी" या नावाची कोणतीही उपयुक्त चाचणी आज दवाखान्यात होत नाही; मात्र आपल्या अहवालातील पोटॅशियमचा आकडा त्याच दिशेने काही सांगत असण्याची शक्यता आहे, आणि तो तसाच सोडून देऊ नये.

प्रथम यंत्रणा पाहू. पेशीच्या बाहेरील द्रवात सोडियम लिटरला सुमारे 140 मिलिमोल असते आणि पेशीच्या आत 10 ते 15 इतकेच. पोटॅशियमचे नेमके उलट, आत सुमारे 140 आणि बाहेर 4 ते 5. ही तफावत आपोआप टिकत नाही. पटलात बसवलेला सोडियम-पोटॅशियम पंप प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी पेशीचे इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च करतो. डेन्मार्कमधील आरहूस येथे येन्स स्कू यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हे विकर (एन्झाइम) ओळखले आणि त्याबद्दल त्यांना 1997 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पटलावरील इतर बहुतेक वाहक प्रथिने याच पंपाने उभ्या केलेल्या तफावतीवर चालतात: सोडियमला आत येण्याची ओढ असते आणि त्या ओढीचा उपयोग करून कोणी कॅल्शियम बाहेर काढतो, कोणी हायड्रोजन, तर कोणी क्लोराइड सोबत घेऊन आत येतो. म्हणूनच पंपात किंवा सोडियमच्या एखाद्या वाटेत झालेला लहानसा बदल दुसऱ्याच आयनाच्या हिशोबात उमटतो.

रक्तदाबाच्या दृष्टीने तो दुसरा आयन म्हणजे कॅल्शियम. सूक्ष्म धमन्यांच्या भिंतीतील अरेखित स्नायू किती आकुंचन पावलेले असावेत हे पेशीतील मुक्त कॅल्शियमवर ठरते, आणि ते बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट कमी ठेवलेले असते. पटलावरील एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल उघडले की कॅल्शियम आत येते, ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते, त्यातून स्नायू ओढणाऱ्या मायोसिन या प्रथिनाला चालना मिळते आणि स्नायू आखडतो. ते बाहेर काढण्याचे काम कॅल्शियम पंप आणि सोडियम-कॅल्शियम विनिमयक (सोडियम आत घेऊन त्याच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारे प्रथिन) करतात. आता येथे गणित निर्दय आहे. नळीतील प्रवाहाला होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे धमनीची त्रिज्या केवळ 10 टक्क्यांनी घटली तरी रोध सुमारे 50 टक्क्यांनी वाढतो. पेशीतील कॅल्शियममध्ये अगदी थोडी, पण कायमची वाढ झाली तरी रक्तदाब चढायला तेवढी पुरेशी आहे.

हा धागा पकडून अमेरिकेतील मॉर्डेकाय ब्लॉस्टाइन यांनी 1977 मध्ये एक मांडणी केली, आणि आपण जे वाचले त्याचे मूळ बहुधा तिथे असावे. मीठ जास्त झाले आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकण्यास कमी पडले, तर शरीर सोडियम पंपाला रोखणारा एक पदार्थ तयार करते. मूत्रपिंडात त्याने सोडियम बाहेर पडायला मदत होते, पण तोच पदार्थ धमन्यांच्या स्नायूंतही पंप रोखतो. पंप मंदावला की पेशीत सोडियम साचते, सोडियमची आत येण्याची ओढ कमी होते, विनिमयक कॅल्शियम पूर्वीइतके बाहेर काढू शकत नाही आणि धमनी आखडते. ही मांडणी देखणी आहे. तिच्या बाजूने भक्कम म्हणावा असा प्रयोग 2004 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवर केला. विनिमयकाच्या जनुकाची एक प्रत काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब मिठाने कमी वाढला, तर अरेखित स्नायूंत ते जनुक जादा घातलेल्या उंदरांचा जास्त वाढला. माणसाच्या रक्तात असा अंतर्गत पदार्थ असतो आणि तो ओबेन या पंप रोखणाऱ्या वनस्पतिजन्य विषासारखा आहे, असा दावा 1991 मध्ये झाला. त्यावरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. माझी स्वतःची शंका साधी आहे: डिगॉक्सिन हे औषध नेमका हाच पंप रोखते, आम्ही ते हृदयरुग्णांना वर्षानुवर्षे देत आलो आहोत, आणि त्याने रक्तदाब वाढलेले रुग्ण दिसत नाहीत. त्यामुळे ही यंत्रणा रोगात सहभागी आहे हे मान्य करूनही तिला एकटीला मूळ कारण मानणे मला जड जाते.

आता तपासणीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तिचा इतिहास बोधक आहे. धमनीच्या स्नायूची पेशी जिवंत माणसातून सहज काढता येत नाही, पण रक्तातील तांबडी पेशी एका सुईने मिळते. म्हणून 1970 आणि 80 च्या दशकांत जगभरातील प्रयोगशाळांनी तांबड्या पेशींवर लक्ष केंद्रित केले. पॅरिसमध्ये गॅरे आणि मेयर यांनी 1979 मध्ये सोडियम-पोटॅशियमच्या वहनातील फरक दाखवले. मॉस्कोमध्ये पोस्तनोव्ह आणि ओर्लोव्ह यांनी तर हा सर्व पेशींच्या पटलांचा सार्वत्रिक दोष आहे, असा सिद्धांतच मांडला. आणि बोस्टनमध्ये मिट्झी कनेसा व सहकाऱ्यांनी 1980 मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत सोडियम-लिथियम विनिमय वाढलेला असल्याचे दाखवून खळबळ उडवली. ही चाचणी कशी करतात ते सांगतो. रक्त हेपरिनच्या नळीत घेऊन तांबड्या पेशी वेगळ्या करायच्या, धुवायच्या, त्यांच्यात लिथियम भरायचे आणि मग त्यांचे दोन भाग करायचे. एक भाग सोडियम असलेल्या द्रावणात आणि दुसरा सोडियमऐवजी मॅग्नेशियम असलेल्या द्रावणात 37 अंशांवर ठेवायचा. ठरावीक वेळाने बाहेर आलेले लिथियम मोजायचे. दोन्हींतील फरक म्हणजे सोडियमच्या बदल्यात बाहेर पडलेले लिथियम. शरीरात लिथियम असे नसतेच. ते येथे केवळ सोडियमचा माग काढण्यासाठी वापरलेले असते.

आकडे खरे होते. हा विनिमय घराण्यांतून उतरतो, आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची सरासरी निरोगी लोकांपेक्षा जास्त भरते, हेही अनेकांना आढळले. पण सरासरी वेगळी असणे आणि समोर बसलेल्या एका माणसाचे निदान होणे यांत मोठे अंतर आहे. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की एका व्यक्तीच्या आकड्यावरून काहीच ठरत नसे. शिवाय वजन, रक्तातील ट्रायग्लिसराइड आणि गर्भारपण यांनीही हा आकडा हलतो. सर्वांत मोठी अडचण ही की माणसाच्या तांबड्या पेशीला केंद्रक नसते, आणि ज्या सोडियम-कॅल्शियम विनिमयकावर ब्लॉस्टाइन यांची सगळी भिस्त होती तो तिच्यात जवळपास नसतोच. मिळण्यास सोपी म्हणून निवडलेली पेशी रक्तदाब ठरवणारी पेशी नव्हती. त्यामुळे आज कोणी आपल्याला पेशीतील सोडियमची चाचणी किंवा सोडियम-लिथियम विनिमयाची चाचणी सुचवली, तर ती संशोधनासाठी ठीक, उपचारासाठी निरुपयोगी, असे समजून चालावे.

मग रक्तदाब ठरवणारी पेशी कोणती? यावर मला सर्वांत पटणारा पुरावा प्रत्यारोपणातून आला. अमेरिकेत लुईस डाल यांनी मिठाला संवेदनशील आणि मिठाला दाद न देणारे असे उंदरांचे दोन वंश तयार केले होते. 1970 च्या दशकात या वंशांत मूत्रपिंडांची अदलाबदल केल्यावर रक्तदाब मूत्रपिंडाबरोबर गेला: संवेदनशील वंशाचे मूत्रपिंड ज्याला बसवले त्याचा रक्तदाब चढला, आणि दुसऱ्या वंशाचे मूत्रपिंड मिळालेल्याचा उतरला. माणसांतही 1983 मध्ये तसेच निरीक्षण प्रसिद्ध झाले. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती अशा सहा रुग्णांना नॉर्मल रक्तदाबाच्या दात्यांची मूत्रपिंडे बसवली, आणि त्यानंतर काही वर्षांनीही त्यांचा रक्तदाब औषधांशिवाय नॉर्मल राहिला. त्यांच्या धमन्या, तांबड्या पेशी, मेंदू, सगळे जुनेच होते. पटलाचा दोष जर सर्व पेशींत सारखाच असता आणि तोच निर्णायक असता, तर एक अवयव बदलून हे घडले नसते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून सुमारे 25,000 मिलिमोल सोडियम नलिकांत उतरते. त्यातील 99 टक्क्यांहून अधिक परत घेतले जाते, म्हणजे आपण खातो त्या मिठाएवढेच बाहेर जाते. हे परत घेणे चार टप्प्यांत होते. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात सुमारे दोन तृतीयांश सोडियम परत येते, त्यात हायड्रोजनच्या बदल्यात सोडियम घेणाऱ्या विनिमयकाचा मोठा वाटा आहे. पुढे हेन्लेच्या पाशाच्या जाड भागात सोडियम-पोटॅशियम-क्लोराइड सहवाहक (हे आयन एकत्र आत नेणारे प्रथिन) सुमारे एक चतुर्थांश घेतो. त्यापुढे सोडियम-क्लोराइड सहवाहक 5 ते 7 टक्के. आणि अगदी शेवटी, संग्राहक नलिकेत, एनॅक नावाचे सोडियम चॅनेल 2 ते 3 टक्के घेते. शेवटचे दोन वाटे किरकोळ वाटतील. पण धरणात पाणी कितीही असो, नदीत किती सुटणार हे जसे दरवाजावर ठरते, तसे येथे आहे: अल्डोस्टेरॉन (अधिवृक्क ग्रंथीचे मीठ राखायला लावणारे संप्रेरक), पोटॅशियम आणि आपला आहार यांचा हुकूम या शेवटच्या दोन टप्प्यांवर सर्वांत थेट चालतो, आणि 25,000 मिलिमोलचा एक टक्का म्हणजे सुमारे 15 ग्रॅम मीठ होते.

या टप्प्यांतील एकेक प्रथिन बिघडले की काय होते, हे निसर्गाने स्वतःच दाखवून दिले आहे. ग्रँट लिडल यांनी 1963 मध्ये एका कुटुंबाचे वर्णन केले, ज्यात तरुण वयात तीव्र उच्च रक्तदाब, पोटॅशियम कमी आणि तरीही अल्डोस्टेरॉन अगदी कमी, असे विचित्र चित्र होते. त्याचे कारण 1994 मध्ये कळले. एनॅक चॅनेल पटलावरून काढून मोडीत घालण्यासाठी एक प्रथिन त्याच्या शेपटीला चिकटते. या कुटुंबात ती शेपटीच उत्परिवर्तनाने तुटली होती. चिकटायला जागा नाही, म्हणून चॅनेल पटलावरून हटत नाही आणि सोडियम आत येतच राहते. अशा रुग्णाला अल्डोस्टेरॉनला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध लागू पडत नाही, पण चॅनेलचे तोंड थेट बंद करणारे अमिलोराइड उत्तम लागू पडते. गॉर्डन लक्षणसमूहात सोडियम-क्लोराइड सहवाहकाला आवर घालणारी व्यवस्था बिघडते, तेव्हा रक्तदाब आणि पोटॅशियम दोन्ही वाढतात आणि तो सहवाहक रोखणाऱ्या थायाझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या छोट्या मात्रेने दोन्ही ताळ्यावर येतात. उलट गिटेलमन लक्षणसमूहात तोच सहवाहक निकामी असतो आणि रक्तदाब कमी राहतो. 2008 मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाच्या, दीर्घकाळ अभ्यासल्या जाणाऱ्या लोकसंख्येत असे दिसले की, मीठ परत घेणाऱ्या या जनुकांची एकच प्रत सदोष असलेल्या, एरवी धडधाकट लोकांचा रक्तदाब इतरांपेक्षा कमी असतो. रक्तदाब वाढवणारे किंवा घटवणारे जे एकजनुकी आजार आजवर उलगडले, त्यांतील बहुतेक सगळे मूत्रपिंडातील मिठाच्या व्यवहारावर येऊन थांबतात.

आपल्या घराण्यातील रक्तदाब असा एकजनुकी असण्याची शक्यता कमीच आहे. सर्वसाधारण आनुवंशिक रक्तदाबात शेकडो जनुकीय फरकांचा प्रत्येकी अत्यल्प वाटा असतो. त्यांत पटलावरील कॅल्शियम पंपाचे एटीपी2बी1 हे जनुक 2009 पासून वेगवेगळ्या देशांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा सापडले आहे, पण त्याची चाचणी करून हाती काही लागत नाही.

पोटॅशियमवर मात्र जरा थांबावे लागेल, कारण गेल्या दशकभरात या विषयातील सर्वांत समाधानकारक उलगडा येथे झाला. पोटॅशियम कमी खाल्ले की रक्तदाब वाढतो, हे जुने निरीक्षण. का वाढतो ते आता पटलाच्या पातळीवर दिसते. रक्तातील पोटॅशियम घटले की मूत्रपिंडाच्या दूरस्थ नलिकेतील पेशीतून पोटॅशियम जास्त बाहेर पडते, पेशीच्या आतील विद्युतभार अधिक ऋण होतो आणि त्यामागोमाग क्लोराइडही पेशीबाहेर जाते. क्लोराइडच्या पातळीवर नजर ठेवणारे डब्ल्यूएनके हे विकर त्यामुळे जागे होते आणि सोडियम-क्लोराइड सहवाहकाला कामाला लावते. सोडियम येथेच परत घेतले गेल्याने पुढच्या टप्प्यापर्यंत ते कमी पोहोचते, आणि तिथे सोडियमच्या बदल्यात लघवीत जाणारे पोटॅशियम वाचते. शरीर पोटॅशियम वाचवण्यासाठी मीठ साठवण्याची किंमत मोजते. मीठ भरपूर आणि भाज्या, फळे, डाळी बेताच्या, असा आहार असेल तर हा सहवाहक मिठाची गरज नसतानाही चालूच राहतो.

आता आपला 3.4 हा आकडा. नॉर्मल मर्यादा साधारण 3.5 पासून सुरू होते, म्हणून "किंचित कमी" असा शेरा मारून तो सोडून दिला जातो. कोणतीही लघवी वाढवणारी गोळी, जुलाब किंवा उलट्या नसताना उच्च रक्तदाबाच्या रुग्णाचे पोटॅशियम कमी असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. पण त्याआधी नमुना कसा गेला हे विचारावे, कारण नळीतील रक्तातही पेशीपटलावरचा पंप काम करत असतो. तालुक्याच्या गावात सकाळी घेतलेले रक्त मे महिन्याच्या उन्हात, दुचाकीवरच्या पिशवीतून, दुपारी शहरातील प्रयोगशाळेत पोहोचले, तर उष्णतेने पंप जोरात चालतो, पोटॅशियम पेशींत ओढले जाते आणि अहवालात ते खोटेच कमी दिसते. उलट तीच नळी न वेगळी करता बर्फात ठेवली, तर पंप थंडावतो, पोटॅशियम पेशींतून गळते आणि आकडा खोटाच वाढतो. दंडाला पट्टा बांधून मूठ वारंवार उघड-मीट केल्यानेही तो वाढतो. तेव्हा प्रयोगशाळेत स्वतः जाऊन, मूठ न आवळता रक्त द्यावे आणि ते तासाभरात वेगळे केले जाईल असे पाहावे. तेव्हाही आकडा 3.5 च्या खाली आला, तर तो खरा समजावा.

खरा असेल तर पहिला संशय अधिवृक्क ग्रंथीवर जातो. तेथून गरजेपेक्षा जास्त अल्डोस्टेरॉन स्रवणे या आजाराचे वर्णन जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये केले, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच सामान्य आहे. पोटॅशियम नॉर्मल असलेल्या रुग्णांतही तो सापडतो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यात गंमत अशी की हाही पटलाचाच आजार आहे. अल्डोस्टेरॉन स्रवणाऱ्या गाठींपैकी सुमारे 40 टक्के गाठींत, आणि पूर्व आशियात त्याहून बऱ्याच जास्त गाठींत, केसीएनजे5 या पोटॅशियम चॅनेलच्या जनुकात उत्परिवर्तन असते, हे 2011 मध्ये उघड झाले. केवळ पोटॅशियमला वाट देणारे हे चॅनेल उत्परिवर्तनाने सोडियमलाही आत सोडू लागते. त्याने पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम चॅनेल उघडतात आणि ग्रंथी अल्डोस्टेरॉन तयार करत सुटते. इतर काही गाठींत सोडियम पंपाचे किंवा कॅल्शियम पंपाचे जनुक बिघडलेले असते. ही उत्परिवर्तने बहुतेक वेळा केवळ गाठीत असतात, घराण्यातून आलेली नसतात. त्यामुळे वडिलांना आणि काकांना रक्तदाब आहे म्हणून आपल्याला हा आजार नसेल, असे गृहीत धरता येत नाही.

त्याआधी घरातील एक गोष्ट तपासून पाहा. घसा बसतो म्हणून रोज ज्येष्ठमधाची काडी चघळणारे किंवा त्याचा काढा, चूर्ण महिनोन्महिने घेणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हिझिन मूत्रपिंडातील एका विकराला रोखते. ते विकर एरवी कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाला निष्क्रिय करून अल्डोस्टेरॉनच्या जागेवर बसू देत नाही. पहारा उठला की कॉर्टिसॉल तीच जागा घेते, एनॅक चॅनेल वाढतात, मीठ साठते, पोटॅशियम जाते आणि रक्तदाब चढतो. अहवालात रेनिन (मूत्रपिंडातून स्रवणारे, अल्डोस्टेरॉनला चालना देणारे विकर) आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी येतात. असे रुग्ण "मी कुठलेही औषध घेत नाही" असे प्रामाणिकपणे सांगतात, म्हणून मी ज्येष्ठमधाचे नाव घेऊन विचारतो. बंद केल्यावर काही आठवड्यांत परिणाम ओसरतो.

ज्येष्ठमध नसेल, तर रक्तातील अल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकाच वेळी मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. आंतरराष्ट्रीय अंतःस्रावी तज्ज्ञांच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचना तर उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णात ही तपासणी सुचवतात. आपल्या बाबतीत तर ती व्हायलाच हवी असे मी म्हणेन, आणि गोळ्या सुरू होण्याआधीच व्हावी, कारण नंतर गुंतागुंत वाढते. स्पायरोनोलॅक्टोन सुरू असेल तर चार आठवडे थांबावे लागते. बीटा-ब्लॉकरने रेनिन दबून गुणोत्तर खोटेच वाढते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारख्या औषधांनी खोटेच कमी होऊ शकते. चाचणीपूर्वी पोटॅशियम भरून काढावे, मीठ नेहमीसारखेच खावे, सकाळी उठून दोन तास हिंडल्या-फिरल्यावर आणि काही मिनिटे शांत बसल्यावर रक्त द्यावे. अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन दबलेले निघाले, तर पुढचा तपास अंतःस्रावी तज्ज्ञाकडे व्हावा; गाठ एकाच बाजूला असेल तर शस्त्रक्रियेने आजार बरा होऊ शकतो.

गुणोत्तर नॉर्मल आले तर आपला रक्तदाब इतर बहुसंख्यांसारखा आहे, आणि येथे एक दिलासा आहे: पटलाचा नेमका दोष न शोधताही त्यावर उपचार होतात, कारण आपल्या हातातील बरीच औषधे पटलावरील वाहकांवरच काम करतात. अम्लोडिपिन धमनीच्या स्नायूतील कॅल्शियम चॅनेल बंद करते. त्याने घोट्याशी येणारी सूज मीठ साठल्याने नसून सूक्ष्म धमन्या रुंदावल्याने येते, म्हणून त्यावर लघवीची गोळी देऊन विशेष उपयोग होत नाही. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड सोडियम-क्लोराइड सहवाहक रोखतात. या गटातील पहिले औषध 1950 च्या दशकाच्या अखेरीस आले, तर ते ज्यावर काम करते ते प्रथिन 1993 मध्ये एका चपट्या माशाच्या मूत्राशयातून प्रथम ओळखले गेले. औषध लागू पडण्यासाठी यंत्रणा आधी कळावीच लागते असे नाही, हे यावरून दिसते. तीन औषधांनंतरही रक्तदाब न उतरणाऱ्या रुग्णांत चौथे औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन इतरांपेक्षा सरस ठरते, हे 2015 च्या ब्रिटिश चाचणीने दाखवले, आणि त्याचा अर्थ मी असा लावतो की अशा हट्टी रक्तदाबामागे बहुधा मीठच साठलेले असते.

मिठाबद्दल शेवटचे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे आणि भारतातील सरासरी तिच्या बरीच वर आहे. ताटात वरून घेतलेल्या मिठापेक्षा लोणचे, पापड, फरसाण, सुके बोंबील, पाव आणि हॉटेलची ग्रेव्ही यांतून जाणारे मीठ मोजले जात नाही. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच असते. रंग गुलाबी असल्याने मूत्रपिंडाला फरक पडत नाही. मिठाचा चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडने बदललेले मीठ मात्र खरोखर उपयोगी आहे: चीनच्या 600 खेड्यांतील सुमारे 21,000 लोकांच्या चाचणीत, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, अशा मिठाने पक्षाघात 14 टक्क्यांनी घटले. ते लोक एक तर पूर्वी पक्षाघात झालेले होते किंवा साठी उलटलेले व उच्च रक्तदाब असलेले, हे लक्षात ठेवावे. आपले क्रिअ‍ॅटिनिन नॉर्मल आहे, त्यामुळे असे मीठ वापरायला आपल्याला हरकत दिसत नाही, फक्त ते पोटॅशियम आणि अल्डोस्टेरॉनची तपासणी झाल्यानंतर सुरू करावे. वडिलांना मात्र ते विचारल्याशिवाय देऊ नये. त्यांचे मूत्रपिंडाचे काम कमी झाले असेल, किंवा ते टेल्मिसार्टन, रामिप्रिल अथवा स्पायरोनोलॅक्टोन घेत असतील, तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. त्यांचे क्रिअ‍ॅटिनिन आणि पोटॅशियम आधी पाहावे आणि त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासावे.